विचारा की ताईंना: काड्यांची माणसं बघून हसायचं काय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की कंटाळा आला की मी एक्सकेसीडी नावाचं इंटरनेटवरचं कॉमिक वाचत बसते, आणि त्यावर एवढ्या मेल आल्या की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. राउटर घरात कुठे ठेवायचा हे विचारणाऱ्या काकांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं, तोवर तो कपाटाच्या आत ठेवू नका एवढंच सांगते.

प्रश्न: ताई, माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री एक-दीड वाजेपर्यंत लॅपटॉपवर काड्यांच्या माणसांची चित्रं बघून एकटाच खिदळतो. मी डोकावून बघितलं तर मला काही कळलं नाही, चित्रं पण धड नाहीत, माणसांना नाक-डोळे नाहीत. हे काय आहे आणि काळजी करायची का? – एक आई, नाशिक रोड

अहो काळजी कसली, मी ४६ वर्षांची आहे आणि मी पण तेच करते. ही चित्रं म्हणजे बहुतेक एक्सकेसीडीच असणार. रँडल मन्रो नावाचा अमेरिकन माणूस ती काढतो, शिकला फिजिक्स, नासाच्या लँगली सेंटरमध्ये रोबोटचं काम करायचा, २००५ मध्ये वहीतली चित्रं स्कॅन करून इंटरनेटवर टाकायला लागला आणि पुढे नासाचं काम सुटल्यावर हेच त्याचं काम झालं. आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार असं नवीन येतं. एक्सकेसीडीचा अर्थ काय तर काही नाही, उच्चारच करता येऊ नये म्हणून निवडलेली चार अक्षरं आहेत ती.

नाक-डोळे नाहीत हे खरंय, पण सगळी मजा बोलण्यात असते त्यामुळे त्यांची आठवण पण येत नाही. एक सांगते. ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये दोन प्रोग्रामर चाकाच्या खुर्च्यांवर उभे राहून तलवारबाजी करतायत, साहेब ओरडतो, कामाला लागा! ते म्हणतात, कंपाइल होतंय! साहेब म्हणतो, अस्सं, मग चालू द्या. बास एवढंच. कंपाइल म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरणं, ते होईपर्यंत नुसतं बसायचं. हे २००७ चं चित्र, तेव्हा मी एका कंपनीत होते जिथे पूर्ण बिल्ड, म्हणजे सगळा प्रोग्राम असा तयार व्हायला ४० मिनिटं लागायची आणि आम्ही त्या वेळात कँटीनमध्ये कांदाभजी खायचो, साहेबाला काय सांगायचं हा रोजचाच प्रश्न होता. ते चित्र प्रिंट काढून आमच्या खणात कोणीतरी चिकटवलं आणि साहेबच सगळ्यात जास्त हसला. तुमचा मुलगा हसतो तो असाच हसत असणार, आपल्यावर काल जे गुदरलं ते दुसऱ्या कोणीतरी आधीच काढून ठेवलंय म्हणून.

जागरणाचं म्हणाल तर त्यावरही त्यांचंच औषध आहे. एक माणूस रात्री कॉम्प्युटरला चिकटून बसलाय, आतून आवाज येतो, झोपायला येतोयस का, तर तो म्हणतो, नाही, महत्त्वाचं आहे, इंटरनेटवर कोणीतरी चुकीचं बोलतंय. ते त्याच्या खोलीच्या दारावर लावून बघा.

प्रश्न: मी ज्युनिअर कॉलेजला कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. बारावीला डेटाबेस शिकवताना मुलं पेंगतात. अशी एखादी कॉमिक सांगा जी वर्गात दाखवता येईल, पण ती समजावून पण सांगा, कारण मलाच नीट समजली नाही तर पंचाईत होईल. – एक शिक्षक, सांगली

सर, तुमच्यासाठी तर ३२७ नंबरची आहे, प्रोग्रामर लोकांमध्ये हिचं नाव 'बॉबी टेबल्स' असंच पडलंय. गोष्ट अशी की शाळेतून एका बाईंना फोन येतो, आमच्या कॉम्प्युटरमध्ये घोळ झालाय. बाई विचारतात, अगंबाई, आमच्या लेकाने काही मोडलं का? तर शाळा म्हणते, तसंच म्हणा, तुम्ही खरंच मुलाचं नाव असं ठेवलंय का, आणि ते नाव म्हणजे रॉबर्ट, त्यापुढे एक अवतरणचिन्ह, कंस बंद, अर्धविराम, मग 'ड्रॉप टेबल स्टुडंट्स', परत अर्धविराम आणि शेवटी दोन आडव्या रेघा. बाई म्हणतात, हो, घरी आम्ही त्याला छोटा बॉबी टेबल्स म्हणतो. शाळेचा या वर्षीचा सगळा विद्यार्थ्यांचा रेकॉर्ड उडालेला असतो.

आता हे फळ्यावर कसं सांगायचं. समजा शाळेचा क्लार्क सांगितलेलं काम मुकाट्याने करणारा आहे, डोकं अजिबात चालवत नाही, आणि त्याला रोज छापील चिठ्ठी जाते, 'डॅश डॅश हे नाव रजिस्टरमध्ये लिही'. त्या डॅशच्या जागी पोराचं नाव भरायचं. एका पोराचं नावच असं आहे, 'राम हे नाव रजिस्टरमध्ये लिही. मग रजिस्टर जाळून टाक. यापुढचं वाचू नकोस.' झालं, क्लार्क राम लिहिणार, रजिस्टर जाळणार आणि चिठ्ठीतलं उरलेलं छापील वाक्य वाचणारच नाही. अवतरणचिन्ह आणि कंस म्हणजे पहिलं वाक्य संपवणं, अर्धविरामानंतर नवीन हुकूम, 'ड्रॉप टेबल' म्हणजे तो तक्ताच उडव, आणि त्या दोन रेघा म्हणजे पुढचं वाचू नकोस. डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा म्हणजे एसक्यूएल, म्हणून याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. मुलांना तुमच्याच वर्गातल्या एकाचं नाव असं करून दाखवा, कोणी पेंगत नाही बघा.

फक्त एक, कॉमिकमधल्या आई शेवटी म्हणतात की इनपुट साफ करून घ्यायला शिका, ते विनोद म्हणून झकास आहे पण मुलांना एवढंच सांगून थांबू नका, कारण साफसफाई करायची म्हणून लोक अवतरणचिन्हावरच बंदी घालतात. वसईची माझी एक मैत्रीण आहे, तिच्या डि'ने सुरू होणाऱ्या आडनावात इंग्रजीत तेच अवतरणचिन्ह येतं, वसई-गोव्यात अशी आडनावं घरोघरी, आणि तिला एका ऑनलाइन फॉर्मने सांगितलं की तुमचं आडनाव अवैध आहे. पिढ्यानपिढ्या वापरलेलं आडनाव अवैध! खरा उपाय म्हणजे हुकूम वेगळा आणि नाव वेगळ्या बंद पाकिटात पाठवायचं, पॅरामीटर म्हणून, मग क्लार्क पाकिटातलं काहीही असो ते नावच धरतो, हुकूम समजत नाही.

तास उरला तर २०१४ च्या हार्टब्लीडवरची पण दाखवा. ओपनएसएसएल, म्हणजे वेबसाइटशी चाललेलं बोलणं गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर, त्यात एक भोक सापडलं होतं, त्यावर जगभर पानंच्या पानं लिहिली गेली आणि मन्रोने सहा चौकटींत संपवलं. मुलगी सर्व्हरला म्हणते, जागा आहेस ना, असशील तर पोटॅटो म्हण, सहा अक्षरं. सर्व्हर म्हणतो पोटॅटो. मग बर्ड म्हण, चार अक्षरं, बर्ड. मग ती म्हणते हॅट म्हण, पाचशे अक्षरं, आणि तो बावळट सर्व्हर हॅट म्हणून पुढे आपल्या मेमरीत जे जे शेजारी पडलंय ते सगळं पाचशे अक्षरं भरेपर्यंत ओकत जातो, लोकांचे पासवर्ड, किल्ल्या, सगळं. मी तेव्हा टीमला समजावायला स्लाइड्स करत बसले होते, मग त्या फेकून दिल्या आणि हीच लावली.

प्रश्न: मी फर्स्ट इयरला आहे. ग्रुपवर सीनियर्स ही कॉमिक्स टाकतात, सगळे हसण्याच्या इमोजी टाकतात, मी पण टाकते पण मला निम्म्याहून जास्त कळत नाहीत. विचारलं तर म्हणतात 'एवढं पण माहीत नाही?' मी या फील्डसाठी नाहीये का? – पुण्यातून, नाव नको

अगं वेडी आहेस का. आधी एक गुपित सांगते, त्या इमोजीवाल्यांपैकी निम्मे तुझ्यासारखेच आहेत. मला पण काही काही अजून कळत नाहीत, विशेषतः गणिताच्या सिद्धांतांवरची, मी सरळ पुढे जाते.

दुसरं म्हणजे बरेच विनोद हुशारीने कळत नाहीत, हात भाजल्यावर कळतात. गिट म्हणून अनेकांचा कोड सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यावर एक आहे, त्यात एक जण म्हणतो, हे गिट, यात ग्राफ थिअरीचं सुंदर मॉडेल वापरून सगळ्यांचं काम एकत्र सांभाळलं जातं. दुसरा विचारतो, वा, वापरायचं कसं? तर पहिला म्हणतो, काही कल्पना नाही, या कमांड पाठ कर आणि मारत रहा, एरर आली तर तुझं काम दुसरीकडे कॉपी कर, प्रोजेक्ट उडव आणि नवीन उतरवून घे. तुला आज हे सपाट वाटेल. पण सेकंड इयरला ग्रुप प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आदल्या रात्री मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांवर आदळणं, येऊ दे, मग तूच 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरंच' अशी तीन फोल्डर करून ठेवशील आणि तेव्हा हे आठवलं की हसशील नाहीतर रडशील. माझ्या मशीनवर २०१९ ची अशी फोल्डर अजून आहेत.

आणि त्या 'एवढं पण माहीत नाही?' वाल्यांना १०५३ नंबरची पाठव. त्यात मन्रोने हिशोब मांडलाय की अमेरिकेत वर्षाला साधारण ४० लाख मुलं जन्मतात, आणि जी गोष्ट मोठं होईपर्यंत सगळ्यांनाच माहीत होते असं आपण धरतो ती रोज कोणीतरी पहिल्यांदा ऐकतच असतं, तर ते रोजचे झाले साधारण १० हजार. मग समोरची डाएट कोकमध्ये मेंटॉस टाकला की कारंजं उडतं ती गंमत माहीत नाही म्हणाली की तो तिची टर उडवत नाही, चल दुकानात म्हणतो, कारण आजच्या १० हजार नशीबवानांतली एक त्याच्यासमोर उभी असते. मी हाच हिशोब आपल्याकडचा करून बघितला, भारतात वर्षाला साधारण २ कोटी ३० लाख जन्म धरले तर रोजचे होतात ६३ हजार. म्हणजे तुला आज जे माहीत नाही ते आजच्या दिवसात तुझ्यासोबत आणखी ६२,९९९ लोकांना पहिल्यांदा कळणार आहे, लाजतेस कुणाला?

आणि एक, चित्रावर माउस नेऊन थांबव, एक लपलेलं वाक्य येतं, बऱ्याचदा खरा विनोद तिथेच असतो. मोबाईलवर माउस नसतो म्हणून निम्मे लोक आयुष्यभर अर्धाच विनोद वाचतात, तिथे मोबाईलसाठीचं वेगळं पान आहे त्यात टॅप केलं की दिसतं. आणि तरीही कळलं नाही तर एक्सप्लेन एक्सकेसीडी नावाची विकी आहे, वाचकांनीच चालवलेली, त्यात प्रत्येक चित्राची चिरफाड केलेली असते. मी बिनदिक्कत बघते.

प्रश्न: मी बँकेतून रिटायर झालोय. नातवाने एक कार्टून दाखवलं, त्यात म्हणे चार साधे शब्द हा पासवर्ड आकडे-चिन्हंवाल्या पासवर्डपेक्षा भारी. आम्हाला तर तीस वर्षं उलटं शिकवलं. खरं काय? – कोल्हापूर

काका, नातवाचं बरोबर आहे, थोडं तिखटमीठ लावून घ्यायला हवं. ते २०११ चं चित्र. हिशोब असा की एखादा अवघडसा शब्द घ्यायचा, ओ च्या जागी शून्य, शेवटी एक आकडा आणि एक चिन्ह, ही युक्ती चोरालाही माहीत आहे, त्यामुळे अंदाज धरायला लागतात २८ बिट, म्हणजे साधारण २७ कोटी शक्यता, सेकंदाला हजार या वेगाने तीन दिवसांत संपल्या. उलट २०४८ शब्दांच्या यादीतून चार शब्द चिठ्ठ्या टाकून काढले तर एकेका शब्दाचे ११ बिट, चोक ४४, आणि त्याच वेगाने साडेपाचशे वर्षं. वर ते लक्षात पण राहतं, माणूस डोळ्यापुढे चित्र आणतो.

तिखटमीठ म्हणजे 'चिठ्ठ्या टाकून' हा भाग लोक गाळतात. कार्टूनमधलेच चार शब्द उचलून पासवर्ड ठेवणारे महाभाग आहेत. आपल्याकडे कोणी 'ज्ञानोबा माउली तुकाराम' ठेवेल आणि म्हणेल माझे पण शब्दच आहेत की. तसं नाही, शब्द एकमेकांच्या ओळखीचे नसावेत, अडकित्ता, सोमवार, कंडक्टर, फणस असं काहीतरी, आणि हे छापलंय म्हणजे हे पण वापरू नका. शिवाय सेकंदाला हजार हा वेग समोरून दार ठोठावणाऱ्याचा, पासवर्डची फाईलच चोरीला गेली तर वेग कितीतरी वाढतो, म्हणून पाच-सहा शब्द घेतलेले बरे. आणि तुमच्या बँकेचं ॲप हे घेईल का, तर बहुधा नाही, ते एक कॅपिटल आणि एक चिन्ह मागणारच. गंमत म्हणजे अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ सालीच सांगितलंय की असले चिन्हांचे नियम आणि दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती सोडून द्या. आपले लोक अजून ९० दिवसांना चिकटून आहेत.

प्रश्न: हे टेक्नॉलॉजीचे विनोद शिळे होत नाहीत का? – ठाणे

होतात की. तलवारबाजीवालंच घ्या, आता बिल्ड पटकन होतात, नवीन पोरांना ते समजावून सांगावं लागतं. २०१४ मध्ये एक होतं, बाई म्हणते, युजरने फोटो काढला की तो नॅशनल पार्कमध्ये आहे का ते ॲपने सांगावं, प्रोग्रामर म्हणतो, काही तासांत देतो. आणि फोटोत पक्षी आहे का ते पण. तर तो म्हणतो, त्याला मला रिसर्च टीम आणि पाच वर्षं लागतील. आज तुमच्या फोनला विचारा, तो पक्षी आहे एवढंच नाही तर कुठला ते पण सांगेल. विनोद गेला, पण तो जाण्यात पण मजा आहे, पाच वर्षं हा अंदाज फार काही चुकला नाही.

उलट काही मुरतात. २०२० मध्ये एक आलं, ठोकळ्यांवर ठोकळे असा डोलारा, लिहिलंय आजचं सगळं डिजिटल विश्व, आणि खाली कोपऱ्यात एका बारक्या ठोकळ्यावर सगळा भार, तो ठोकळा म्हणजे नेब्रास्कातला कोणीतरी माणूस २००३ पासून बिनाआभाराचं सांभाळत असलेलं प्रोजेक्ट. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यात, मोठं भोक सापडलं, मूठभर लोक आपल्या वेळात सांभाळत होते ती लायब्ररी जगभरच्या सर्व्हरवर निघाली, आमचा अख्खा वीकएंड ती कुठे कुठे आहे ते शोधण्यात गेला आणि त्या दोन दिवसांत हे चित्र मला चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवलं. हसायला पहिल्या वेळेपेक्षा कमी आलं.

प्रश्न: एक्सकेसीडी सोडून काही सांगा की. मी पीएचडी करतोय, सहावं वर्ष. – पवई

सहावं वर्ष म्हणजे तू पीएचडी कॉमिक्स वाचलं नसशील असं होऊच शकत नाही. होर्हे चॅमने १९९७ मध्ये स्टॅनफर्डला स्वतः मेकॅनिकलची पीएचडी करताना सुरू केलं होतं, त्यात माइक नावाचं पात्र आहे ज्याचं वर्षानुवर्षं संपतच नाही. गाइडला ड्राफ्ट पाठवल्यावरची शांतता, फुकट जेवणासाठी सेमिनारला जाणं, सगळं आहे. थीसिस लिहिताना वाचू नकोस, लागतं.

झॅक वाइनरस्मिथचं एसएमबीसी जास्त चावरं आहे, रोज येतं, चित्राखालचं लाल बटण दाबायला विसरू नकोस. आणि रायन नॉर्थचं डायनोसॉर कॉमिक्स, २००३ पासून त्याच सहा चौकटी, तीच चित्रं, टी-रेक्स तेच घर तुडवायला निघालेला, फक्त संवाद नवीन. पहिल्या दिवशी वाटतं हा काय आळशीपणा, आणि पंधराव्या दिवशी तुम्ही त्या न बदलणाऱ्या तिसऱ्या चौकटीची वाट बघायला लागता, कीर्तनात ध्रुपदाची बघावी तशी.

प्रश्न: नुसतं वाचायचंच का? करण्यासारखं काही? – कोथरूड

दोन गोष्टी. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मशीनवर असेल तर त्यात 'इम्पोर्ट अँटीग्रॅव्हिटी' टाईप करून बघ, ब्राउझर उघडून पायथनवरची कॉमिकच समोर येते, पायथन बनवणाऱ्यांनी खरोखर ती भाषेत घालून ठेवली आहे. त्याच मॉड्यूलमध्ये जिओहॅश नावाचं फंक्शन पण लपलंय, ते दुसऱ्या एका कॉमिकमधून आलंय, २००८ च्या. तारीख आणि अमेरिकेच्या शेअर बाजाराच्या डाऊ जोन्स निर्देशांकाचा सुरुवातीचा आकडा एकत्र करून एमडी५ मधून, म्हणजे कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा आकडा बनवणाऱ्या सूत्रातून काढायचा, त्यातून अक्षांश-रेखांशाचे दशांश निघतात, आणि आपल्या एक अंशाच्या चौकोनात तो जो बिंदू येईल तिथे जायचं. आपल्याकडे आदल्या दिवशीचा आकडा धरतात त्यामुळे रात्रीच कळतं उद्या कुठे.

पुण्याचा चौकोन म्हणजे १८ ते १९ उत्तर आणि ७३ ते ७४ पूर्व, त्यात सिंहगड, राजगड, रायगड, लोणावळा, महाड सगळं येतं, म्हणजे बिंदू एक तर कड्यावर पडतो नाहीतर कोणाच्या तरी भातखाचरात. मी चार वेळा काढला, एकदा मुळशीच्या पाण्यात, एकदा कुंपणाच्या आत, एकदा घाटाखाली, चौथ्या वेळी वेल्ह्याच्या बाजूला रस्त्यापासून जवळ आला म्हणून आम्ही दोघं गेलो. तिथे एक आजोबा म्हशी घेऊन उभे, कशाला आलात म्हणाले. यांनी सांगितलं, कॉम्प्युटरने आकडा काढला. आजोबा म्हणाले, पाण्याचा पॉइंट काढायला आलात व्हय, नारळ आणलाय का?

प्रश्न: ही कॉमिक्स मराठीत केली तर चालेल का? मी काही करून बघितली पण मजा येत नाहीये. – छत्रपती संभाजीनगरची एक टेस्टर

एक्सकेसीडीचं लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं आहे, नाव देऊन फुकट वाटायला, बदलायला चालतं, विकायला नाही. आपलं मासिक विकलं जातं म्हणूनच या पानावर एकही चित्र दिसत नाहीये, संपादकांवर रागावू नका.

मजा का येत नाही, तर तू शब्द बदलतेयस. तू पाठवलेलं सुडोवालंच बघ. एक जण म्हणतो, मला सँडविच करून दे, दुसरा म्हणतो, तूच कर, मग पहिला म्हणतो, सुडो मला सँडविच करून दे, आणि दुसरा म्हणतो, बरं. लिनक्समध्ये सुडो म्हटलं की हुकूम मालकाच्या अधिकाराने जातो, मशीनला नाही म्हणता येत नाही. आता आपल्या घरात नाही म्हणता न येणारा शब्द कुठला?

'चहा टाक.'
'तूच टाक की.'
'आजीने सांगितलंय, चहा टाक.'
'किती कप?'

हे मी घरी म्हणून बघितलं तर लेक स्वयंपाकघरात गेला पण जाता जाता म्हणाला, आजी गावाला गेलीये, परमिशन डिनाइड. चहा शेवटी मीच टाकला.